पीसी मेला, हार्ड डिस्क काढून दुसऱ्याला लावली तर पाच मिनिटांत गायब होते, फाईल कशा काढायच्या

पावसाळा लागला की कोल्हापुरात दोन गोष्टी ठरलेल्या. एक म्हणजे राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फुटांवर आलं याची चौकशी, आणि दुसरी म्हणजे मला येणारा फोन, "पीसी चालूच होईना, आत सगळं काम हाय". लाईट जाते, परत येताना झटका देऊन येते, आणि ज्याच्या घरात यूपीएसची बॅटरी दोन वर्षांपूर्वीच मेलीय त्याचा सीपीयू गप्प होतो. मी काही डेटा रिकव्हरीवाला नाही, उद्यमनगरात एका कारखान्यात कॉम्प्युटर आणि मशीनचे प्रोग्रॅम सांभाळतो, पण गल्लीत एकाचं काम केलं की दहा जणांना कळतं त्यामुळं हे मागं लागलंय. प्रत्येकाला तेच तेच सांगण्यापेक्षा एकदाच इस्कटून लिहितो.

आधी एक गोष्ट डोक्यात फिट्ट करा. पीसी चालू होत नाही याचा आणि तुमच्या फाईलींचा बहुतेक वेळा काहीच संबंध नसतो. एसएमपीएस (सीपीयूतला वीज पुरवणारा डबा) जातो, मदरबोर्ड जातो, रॅम सैल होते, विंडोज फाटतं, या सगळ्यात हार्ड डिस्क आपली आत शांत बसलेली असते. डेटा खरा मरतो तो नंतर, आपण घाबरून जे उद्योग करतो त्यात.

आमच्या गल्लीतल्या प्रेसवाल्या तात्यांचंच घ्या. शुक्रवार पेठेत त्यांचं लग्नपत्रिका, बिलबुकं, वाढदिवसाचे डिजिटल बोर्ड असं काम. पीसी 2012 चा. बटण दाबलं तर पंखासुद्धा फिरेना. तात्या सीपीयू घेऊन एका दुकानात गेले, तिथं सांगितलं मदरबोर्ड उडालाय, नवीन घ्या, जुना डेटा आता विसरा. तात्या रात्री माझ्याकडं आले ते सीपीयू पोत्यात घालूनच. "बारा वर्षांच्या पत्रिका हाईत आत, गिऱ्हाईक येतं ते थोरल्याच्या लग्नात छापल्यालीच पाहिजे म्हणतं, काय दावू त्याला?" म्हणलं तात्या बसा, चहा घ्या, बघू.

झाकण काढलं तर एसएमपीएसला जळका वास आणि बोर्डावर प्रोसेसरच्या शेजारचे तीन कॅपॅसिटर फुगून वर आलेले. म्हणजे दुकानवाला बोर्डाबद्दल खोटं बोलला नव्हता. पण डिस्क? डिस्क कुणी तपासलीच नव्हती. दोन वायरी काढल्या, चार स्क्रू काढले, डिस्क हातात. 500 जीबीची साडेतीन इंची साटा (साटा म्हणजे डिस्क बोर्डाला जोडायची नेहमीची पद्धत). (विंडोजमध्ये ती 465 दिसते, तेवढा डेटा कुणी खाल्लेला नसतो, कंपनी हजारानं मोजते आणि विंडोज 1024 नं.)

ही डिस्क मी माझ्या डॉकिंगला लावली. डॉकिंग म्हणजे ते टोस्टरसारखं खोकं, वरून डिस्क खोचायची, मागं बारा व्होल्टचा अडॅप्टर आणि पुढं यूएसबी. लगेच ई आणि एफ दोन ड्राइव्ह दिसले, तात्यांचा चेहरा खुलला, कॉपी लावली. सहा-सात मिनिटं झाली आणि टिंग-टुंग, ड्राइव्ह गायब. काढून परत लावली, परत दिसली, परत पाच मिनिटांत टिंग-टुंग. नव्वद टक्के लोक इथंच अडकतात आणि इथंच वाट लावून घेतात, कारण डिस्क दिसते म्हटल्यावर माणूस तिसऱ्यांदा, दहाव्यांदा, विसाव्यांदा लावत बसतो, आणि ती दरवेळी थोडी जास्त मरत असते.

डिस्क मधेच गायब होण्याची कारणं माझ्या अनुभवात तीनच. करंट पुरत नाही, वायर खराब आहे, किंवा डिस्कवरचे सेक्टर (डेटा ठेवायचे बारीक कप्पे) गेलेत. लक्षण तिन्हीचं सारखंच दिसतं आणि उपाय एकदम वेगळे, म्हणून आधी हे ओळखायचं.

करंटचं बघा. लॅपटॉपची अडीच इंची डिस्क पाच व्होल्टवर चालते, ती यूएसबीवरच फिरते. पण साडेतीन इंचीला पाचाबरोबर बारा व्होल्टही लागतात, आणि आतली चक्की, म्हणजे डेटा असलेली प्लेट, फिरायला सुरुवात होताना बारा व्होल्टला दोन अँपिअरच्या आसपास ओढते. अडॅप्टर जुना झाला की तेवढं द्यायला जमत नाही, मग डिस्क घर्रर्र करून वेग घेते, टुक् करून बंद पडते, परत घर्रर्र. लोकांना वाटतं डिस्क मेली. अहो अडॅप्टर बदलून बघा आधी, माझ्याकडं अशा मेलेल्या म्हणून आलेल्या दोन डिस्क चांगल्या अडॅप्टरवर गपचूप चालल्यात. अडीच इंचीचं पण तेच, यूएसबी टू चा पोर्ट 500 मिलिअँपिअर देतो आणि थ्री चा 900, त्यामुळं जुन्या सीपीयूच्या पुढच्या पोर्टला लावू नका, त्याला आत लांब वायर असते, मागं थेट बोर्डावरच्या पोर्टला लावा.

तात्यांच्या डिस्कला मी अडॅप्टर बदलला, वायर बदलली, काही फरक नाही. मग डॉकिंग बाजूला ठेवून डिस्क माझ्या पीसीत थेट साटा केबलनं लावली आणि क्रिस्टलडिस्कइन्फो उघडलं. फुकट आहे, छोटं आहे, डिस्क स्वतःच स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते ती वाचून दाखवतं. तिथं पिवळ्या रंगात कॉशन. त्या यादीत फार डोकं लावू नका, चार ओळी बघायच्या: शून्य-पाच म्हणजे बदलून टाकलेले सेक्टर, सी-फाईव्ह म्हणजे वाचायला त्रास देणारे आणि अजून निकाल न लागलेले सेक्टर, सी-सिक्स म्हणजे वाचताच न आलेले, आणि सी-सेव्हन म्हणजे वायरीतल्या चुका. सी-सेव्हन वाढत असेल आणि बाकीचं शून्य असेल तर देवाचे आभार माना, दीडशे रुपयांची केबल बदला आणि कामाला लागा. आकडा हेक्स मध्ये (दहाऐवजी सोळाच्या मोजणीत) दिसतो हे ध्यानात ठेवा, नाहीतर उगीच घाबरायला होतं. तात्यांचं सी-सेव्हन शून्य आणि सी-फाईव्ह दोनशेच्या वर. म्हणजे वायर ठीक, डिस्कच थकलेली.

आता गायब का होते ते सांगतो. खराब सेक्टर लागला की डिस्क तो परत परत वाचायचा प्रयत्न करते, सेकंदं जातात, तेवढ्यात यूएसबीच्या खोक्यातली चिप कंटाळून म्हणते ही डिस्क उत्तरच देत नाही आणि कनेक्शन तोडून टाकते. विंडोज वर बसून अजून वाच अजून वाच म्हणून मागं लागलेलंच असतं. एका खराब फाईलपायी पुढच्या हजार चांगल्या फाईली अडकतात. म्हणून अशा डिस्कवर कॉपी-पेस्ट करायचं नाही, आणि चेकडिस्क (विंडोजचं डिस्क तपासून दुरुस्त करायचं साधन) तर अजिबात मारायचं नाही. हे मी स्वतः केलंय म्हणून सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी मेहुण्याच्या डिस्कवर शहाणपणा करून चेकडिस्क लावलं आणि झोपलो, सकाळी बघतो तर त्यानं जे फोल्डर जुळेनात ते सगळे तोडून तुकडे एका फोल्डरात टाकलेले, नावं गेलेली, वर डिस्क रात्रभर रगडून निघाल्यामुळं दुपारपर्यंत तीही गेली. त्याच्या बारशाचे फोटो त्यात होते, पोराच्या म्हणजे. मेहुणा काही बोलला नाही, पण बहीण अजून बोलते.

तसंच विंडोज विचारतं, "डिस्क वापरायची असेल तर फॉरमॅट करा". नाही. कॅन्सल. डिस्क मॅनेजमेंट उघडलं की इनिशिअलाईज करू का विचारतं, त्यालाही नाही. विंडोजला फक्त एवढंच कळलेलं असतं की मला हे वाचता येईना, म्हणून ते बिचारं जे सुचतं ते विचारतं.

मग करायचं काय तर डिस्कची पूर्ण इमेज काढायची, म्हणजे फाईली न बघता पहिल्या सेक्टरपासून शेवटच्यापर्यंत जसंच्या तसं दुसऱ्या चांगल्या डिस्कवर उतरवायचं आणि मग जे काही प्रयोग करायचे ते त्या इमेजवर. यासाठी डीडीरेस्क्यू नावाचा प्रोग्रॅम आहे, लिनक्सवर चालतो, फुकट. लिनक्स ऐकून पळू नका. सिस्टमरेस्क्यू नावाचं लिनक्स पेन ड्राइव्हवर रूफस नावाच्या प्रोग्रॅमनं चढवायचं, पीसी त्या पेन ड्राइव्हवरून चालू करायचा, त्यात डीडीरेस्क्यू आणि टेस्टडिस्क दोन्ही आधीच असतं, तुमच्या पीसीतल्या विंडोजला हात लागत नाही.

डीडीरेस्क्यूला तीन गोष्टी सांगायच्या, कुठून घ्यायचं, कुठं ठेवायचं आणि मॅप फाईल कुठली. या मॅप फाईलनंच मी याच्या प्रेमात पडलोय. कुठला भाग वाचून झाला, कुठला राहिला, कुठला खराब, हे सगळं त्यात लिहिलेलं असतं, त्यामुळं मधेच लाईट गेली तरी परत तीच कमांड द्यायची, जिथं थांबलं तिथून पुढं सुरू. आपल्याकडं जून-जुलैत याची किंमत कळते. दुसरं म्हणजे हा शहाणा आहे, खराब जागा लागली की तिथं डोकं आपटत बसत नाही, उडी मारून पुढचं चांगलं सगळं आधी गोळा करतो आणि मग मागं येऊन राहिलेल्या जागा कुरतडतो. पहिल्या फेरीला ते कुरतडणंही बंद ठेवा, त्याला ऑप्शन आहे, आधी लोणी काढून घ्या. दुसऱ्या फेरीला तीन वेळा प्रयत्न कर म्हणून सांगा.

सावधान एकाच ठिकाणी, पण लई सावधान. कुठून आणि कुठं हे उलटं टाकलं तर कोऱ्या डिस्कचा कोरेपणा तुमच्या डेटावर चढतो आणि मग विषय संपला. एंटर मारायच्या आधी दोन्ही डिस्कची साईझ आणि सिरियल नंबर स्क्रीनवर बघा आणि डिस्कवरच्या स्टिकरशी जुळवा. मी तर शेजारी बसलेल्या माणसाला मोठ्यानं वाचायला लावतो. आणि इमेज ठेवायची डिस्क मूळ डिस्कपेक्षा मोठी पाहिजे आणि फॅट-32 नको, त्यात 4 जीबीच्या वरची फाईल बसत नाही.

चांगली 500 जीबीची डिस्क सेकंदाला शंभर एमबीनं दीड तासात उतरते. तात्यांची दोन रात्री आणि मधला एक दिवस चालली. डिस्कवर टेबल फॅन लावून ठेवला होता, गरम झाली की जास्तच अडखळत होती. तात्या सकाळी दूध आणायला जाताना खिडकीतून विचारायचे, "किती टक्के?" शेवटी दीड एमबीच्या आसपास भाग वाचलाच गेला नाही. 500 जीबीतला दीड एमबी. त्यात विंडोजच्या काही फाईली आणि कुठल्यातरी पतसंस्थेच्या अहवालाची एक पीडीएफ एवढंच गेलं. इमेज रीड-ओन्ली माउंट केली, म्हणजे फक्त वाचता येईल अशी ड्राइव्हसारखी जोडली, आणि सगळं साध्या फोल्डरसारखं कॉपी झालं.

कॉपी करताना डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स तर सगळेच घेतात. विसरतं ते दुसरंच. टॅलीचा डेटा पब्लिक नावाच्या यूजर फोल्डरात, आत टॅलीप्राईम आणि त्यात डेटा, तिथं 10000 सारख्या आकड्यांच्या नावाचे फोल्डर असतात, नावावरून वाटतच नाही की हा तुमचा अख्खा धंदा आहे, ते पूर्ण घ्यायचे. आऊटलुकची मेल फाईल, ब्राउझरचे बुकमार्क हे ॲपडेटा नावाच्या लपलेल्या फोल्डरात. आणि डीटीपीवाल्यांनो, विंडोजच्या आतला फॉन्ट्स फोल्डर घ्या हो. तात्यांच्या कोरलच्या (डिझाईनच्या प्रोग्रॅमच्या) फाईली नव्या पीसीवर उघडल्या तर शुभविवाहच्या जागी रोमन अक्षरांची आणि चिन्हांची मिसळ, तीपण कटाशिवाय. जुने मराठी फॉन्ट युनिकोड (सगळ्या कॉम्प्युटरवर सारखी चालणारी अक्षरांची पद्धत) नव्हते, फॉन्ट नसला की मजकूर वाचताच येत नाही. फोल्डर नेऊन टाकला तेव्हा गणपती जागेवर आला.

इमेज काढूनही पार्टिशन (ई, एफ असा डिस्कचा भाग) दिसत नसेल, विंडोज त्याला रॉ म्हणजे न ओळखता येणारं म्हणत असेल, तर टेस्टडिस्क त्या इमेजवर चालवा, बऱ्याचदा हरवलेलं पार्टिशन फोल्डर आणि नावांसकट सापडतं. तेही नाही जमलं तर फोटोरेक. तो फाईलीच्या सुरुवातीच्या खुणा बघून तुकडे उचलतो, पण नावं आणि फोल्डर गेले ते गेले, हजारो फाईली नुसत्या नंबरांच्या नावानं मिळतात आणि मग दिवाळीची सुट्टी त्यात घालवायची.

आता आवाजाचं. चांगला अडॅप्टर, थेट साटा केबल, तरी डिस्क टक्.. टक्.. टक्.. एका ठेक्यात वाजत असेल तर लगेच बंद करा. हेड, म्हणजे डेटा वाचणारा आतला भाग, गेलंय. आत हेड प्लेटच्या वर काही नॅनोमीटरवर तरंगत असतं, धुळीचा कण त्यापुढं डोंगर, आणि प्लेट मिनिटाला 5400 नाहीतर 7200 वेळा फिरत असते. प्रत्येक वेळी चालू केलं की ओरखडा. घरात झाकण उघडू नका, फ्रीजरमध्ये ठेवू नका (बाहेर काढल्यावर आत दव धरतं), हातानं ठोकू नका. ही डिस्क क्लीन रूम (धूळ नसलेली खोली) असलेल्याकडं, पुण्या-मुंबईला जाते, खर्च पाच आकडी होतो, डेटा निघाला तरच पैसे असं लिहून घ्या आणि आधी ठरवा की तेवढं मोलाचं आहे का.

आणि अजिबातच आवाज नाही, हातात धरली तरी कंप नाही, असं असेल तर बहुतेक वेळा डिस्कचा स्वतःचा बोर्ड गेलेला. एका पाहुण्यानं घरच्या साडेतीन इंची एक्स्टर्नल डिस्कला लॅपटॉपचा एकोणीस व्होल्टचा चार्जर खोचला, पिन बसली म्हणून. डिस्क ठार. खालचा हिरवा बोर्ड उलटा करून आमच्या उद्यमनगरातल्या इलेक्ट्रॉनिक बोर्ड दुरुस्त करणाऱ्या दोस्तानं मीटर लावला, बारा व्होल्टच्या लाईनवरचा संरक्षक डायोड शॉर्ट, मीटर सरळ शून्य दाखवतोय. तो डायोड स्वतः मरून बाकीच्यांना वाचवण्यासाठीच बसवलेला असतो. काढून टाकला, डिस्क चालली, त्याच दिवशी डेटा उतरवला आणि डिस्क निवृत्त. सोल्डरिंग येत नसेल तर यात पडू नका, आणि सारख्या मॉडेलचा दुसरा बोर्ड आणून बसवला की झालं हे तर अजिबात ऐकू नका, प्रत्येक डिस्कची स्वतःची मापं तिच्या बोर्डावरच्या छोट्या चिपमध्ये असतात, ती चिप हलवल्याशिवाय दुसरा बोर्ड सहसा चालत नाही.

पुरात भिजलेली डिस्क हा आपल्याकडचा खास विषय. 2019 ला आणि 2021 ला शाहूपुरी, दुधाळी भागातल्या कितीतरी जणांनी सीपीयू उन्हात वाळवून चालू केले. नुसतं वाळवू नका, तांदळात तर ठेवूच नका. डिस्कला हवा घ्यायला बारीक भोक असतं, त्यातून पाणी आत गेलं असेल तर वाळल्यावर गाळ प्लेटला चिकटून बसतो. वीज न लावता ओलीच प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून रिकव्हरीवाल्याकडं पाठवायची. ऐकायला उलटं वाटतं, पण तसंच आहे.

नव्या लॅपटॉपवाल्यांना वेगळं संकट. आत एम-डॉट-टू एसएसडी असते, त्यातही साटा आणि एनव्हीएमई अशा दोन जाती, केसिंग (डिस्क यूएसबीला जोडायचा डबा) त्या जातीचं नसेल तर दिसणारच नाही, स्टिकर वाचून मग केसिंग आणा. डिलीट झालेली फाईल एसएसडीवर सहसा परत मिळत नाही, एसएसडीची ट्रिम नावाची सोय ती जागा पुसून टाकते. आणि बिटलॉकर, म्हणजे विंडोजनं डिस्कला लावलेलं कुलूप. डिस्क लावली की कुलपाचं चित्र आणि 48 आकडी किल्ली (रिकव्हरी की) मागतो. बऱ्याच जणांना हे चालू आहे हेच माहीत नसतं, विंडोज 11 मध्ये मायक्रोसॉफ्ट अकाउंटनं लॉगिन केलं की ते आपोआप चालू झालेलं असू शकतं. ही किल्ली त्याच अकाउंटवर वेबसाईटवर ठेवलेली असते, मोबाईलवरून बघता येते. तिथंच जाताजाता वनड्राइव्हही (मायक्रोसॉफ्टची ऑनलाईन साठवण) बघा, डेस्कटॉप आधीच वर गेलेला असतो आणि आपण स्क्रू ड्रायव्हर शोधत बसतो.

तात्यांचं म्हणाल तर डेटा आता दोन ठिकाणी आहे, एक नव्या पीसीत आणि एक त्यांच्या घरच्या तिजोरीत बिलबुकांच्या खाली. जुन्या डिस्कवर मार्करनं "वापरू नये" लिहून ती माझ्या कपाटात. फक्त एक राहिलंय. त्या जुन्या मराठी टायपिंग सॉफ्टवेअरचं लॉक (जे खोचल्याशिवाय सॉफ्टवेअर चालत नाही) मागच्या प्रिंटर पोर्टात खोचायचं होतं आणि नव्या पीसीला तो पोर्टच नाही. फॉन्ट आले, जुनी पत्रिका दिसते, छापता येते, पण त्यात नवऱ्या मुलाचं नाव बदलायचं तर टाईप होत नाही. सध्या जुन्या फाईलीतूनच एकेक अक्षर उचलून जोडतोय, परवा "ऋतुराज" मध्ये अर्धा तास गेला. पोर्टाचं कार्ड मागवलंय, आलं की सांगतो.